दोन वाजताचं जेवण

येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी फादरांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले, त्यांत मी होते. बायकांचे पाय धुवायची मुभा पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली दिली. आमच्या गावात माझा नंबर लागायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी घरून दोनदा पाय घासून, टाचांना व्हॅसलीन चोपडून, वर पावडर मारून देवळात गेले होते. फादरांनी तांब्यातलं पाणी ओतलं तेव्हा त्या पाण्याला धुवायला काही उरलंच नव्हतं.

हे आठवलं ते यंदाच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, परळच्या फुटपाथवर.

झालं असं की एका रविवारी फादरांनी चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी झोडपलेला माणूस पडलाय, याजक दुसऱ्या बाजूने निघून जातो, देवळातला सेवक लेवीही जातो, आणि थांबून मदत करतो तो परका शोमरोनी. ‘कम्फर्ट झोनमधून बाहेर या,’ असं फादर तीनदा म्हणाले. माझ्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, कम्फर्ट म्हणजे कपडे धुताना शेवटच्या पाण्यात घालतात ते ना? मी मान डोलावली. तेवढ्यावरून आम्हा आठ बायकांचं ठरलं की शनिवारी परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलबाहेर जेवणाची 100 पाकिटं वाटायची. दोन चपात्या, बटाट्याची भाजी, एक उकडलेलं अंडं, एक आपल्या वाडीतलं केळं. पहाटे साडेतीनला उठून चपात्या लाटल्या आणि त्याचा अभिमानही भरपूर वाटला.

वसईला विरारची गाडी पकडणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळायचं नाही. त्यात आमच्याकडे सहा भरगच्च पिशव्या. लेडीज डब्यात चढताच दारातली एक कडाडली, ‘सामान मालडब्यात न्या!’ आमच्यातली एक पटकन म्हणाली, ‘सेवेला चाललोय हो.’ मला इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघायला लागले. माझी आजी याच मार्गावर वांगी आणि अळूच्या टोपल्या घेऊन वर्षानुवर्षं दादरला गेली, मालडब्यातच, आणि तिने ते कधी कुणाला ऐकवलं नाही. तरी ती कडाडणारी बाई बोरिवलीला बसायला जागा मिळाल्यावर आमची एक पिशवी मांडीवर घेऊन बसली, दादरपर्यंत. दादरला गाडी बदलून एक स्टेशन, प्रभादेवी. तिथून पूल ओलांडून परळ, आणि मग केईएमच्या बाजूने चालत.

टाटा हॉस्पिटल 1941 साली उघडलं, आणि 1962 पासून ते चक्क अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून माणसं येतात. आत उपचार मिळतात, पण तपासणी आणि पुढची तारीख यांच्या मधले दिवस काढायचे कुठे? धर्मशाळेत नंबर लागला तर तिथे, नाही तर भिंतीला ताडपत्री बांधून बाहेरच. एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या उशाला, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, स्टोव्ह. मी मास्कच्या आत व्हिक्स लावून आले होते. वास येतो असं कुणीतरी सांगितलं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, आता लिहिते आहे.

पाकिटं भराभर गेली. नातेवाईकांचे हात पुढे येत होते, आम्ही ‘देव बरं करो’ म्हणत होतो. मग एका ताडपत्रीपाशी मी पाकीट पुढे केलं, तर बाईने ते घेतलं, उघडून बघितलं आणि हसली.

‘माह्यासाठी चालते. यायचं काय?’

तिच्या मागे तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. गळ्यापासून कानापर्यंत दुपट्टा. खालचा अर्धा जबडा काढलेला, नाकातून एक नळी बाहेर आलेली आणि गालावर चिकटपट्टीने चिकटवलेली. खर्ऱ्याने केलं, तंबाखू-सुपारी घोटून खातात त्या, असं ती पुढे आपणहून म्हणाली. मी आजूबाजूला बघितलं आणि तेव्हा कुठे मला दिसलं की त्या रांगेत तोंडाचे पेशंट कितीतरी होते. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसांना आम्ही चपात्या वाटत होतो. पहाटे साडेतीनला उठून. आठ बायका, त्यांतल्या दोन शिक्षिका, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की चावणार कोण.

पाकीट तिथेच ठेवून मला सटकायचं होतं. पण ती म्हणाली, ‘बाई, एवढं वर धरता का? माहा हात काम नाही करून राह्यला.’ तिच्या मनगटाला पट्टी होती. एरवी पुतण्या धरायचा, तो फाईल घेऊन आत रांगेत.

‘एवढं’ म्हणजे दांडा काढलेली मोठी सिरिंज. तिचं तोंड नळीला जोडायचं, वर धरायचं, आणि ती वरून मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी ओतणार. मी चप्पल काढून ताडपत्रीवर बसले. चप्पल का काढली माहीत नाही, कुणाच्या घरात गेल्यासारखं वाटलं असेल. व्हिक्सचा काही उपयोग झाला नाही.

‘लय वर नका धरू, ठसका लागते. खाली आनलं का हळू जाते.’ सगळं उंचीवर असतं. हात दोन बोटं वर गेला की पिवळं पाणी सरकन उतरतं, खाली आला की थबकतं. ते माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या नाकात जात होतं आणि तो माझ्या हाताकडे बघत होता. घाई झाली की तो एक बोट उचलायचा, मी हात खाली घ्यायचे. सिरिंज पुरती रिकामी व्हायच्या आत पुढचं ओतायचं, नाही तर पोटात हवा जाते. शेवटी साधं पाणी, नाही तर नळी चोंदते. वीसेक मिनिटं लागली असतील. माझा दंड थरथरायला लागला होता. त्याने शंभर पानी वही ओढली, दोरीने बांधलेलं पेन घेतलं आणि लिहिलं: हात बदला.

मी हात बदलला.

ती अंजनगावकडची. अमरावती एक्स्प्रेसने येतात, रात्रभर. ‘तुमचं कोनतं मंडळ?’ तिने विचारलं. चर्चमधून आलोय हे सांगताना मी उगीच आवाज खाली घेतला. अशा ठिकाणी लोकांच्या मनात भलतं येतं, म्हणून आम्ही पत्रकं वगैरे काहीच आणलं नव्हतं. तिला काही वाटलं नाही. ‘आमच्याकडचे गाडगेबाबा तेच सांगे,’ म्हणाली. घरी येऊन मी बाबांची दशसूत्री आणि बायबलमधल्या मत्तयाचा पंचविसावा अध्याय शेजारी ठेवून वाचला. भुकेला, तहानलेला, उघडा, बेघर, आजारी, सगळे दोन्हीकडे आहेत. मत्तयाकडे तुरुंगातला आहे तो बाबांकडे नाही. बाबांकडे मुकी जनावरं आणि गरिबांची लग्नं आहेत, ती मत्तयाकडे नाहीत. चार बुकं शिकलेली मी, आणि हे मला ताडपत्रीवर बसलेल्या बाईने दाखवलं.

तिने चहा मागवला. नको नको म्हणेपर्यंत आलाही. पैसे तिने दिले, कमरेच्या पिशवीतून, आणि मला देऊ दिले नाहीत. पाकीट वाटण्यापेक्षा तो चहा पिणं मला अवघड गेलं. पुढच्या वेळी काय आणू विचारलं, तर म्हणाली, बारीक जाळीची गाळणी आना. आमची फाटली, रुमालानं गाळतो.

तेवढ्यात आमच्यातली एक हाका मारत आली. पाकिटं संपली, दादरहून 1.12 ची मिळाली तर बरं, संध्याकाळी देवळात क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेची तयारी आहे. मी उठून चप्पल घातली.

‘दोन वाजता अजून द्या लागते,’ ती म्हणाली. मला सांगत होती की नवऱ्याला, ते कळलं नाही. आतून पुतण्याचा पत्ता नव्हता.

‘आमची गाडी आहे,’ मी म्हटलं.

‘हाव, जा न माय. उशीर होईन.’

त्याने वही उचलली होती, काहीतरी लिहीत होता. ते वाचायला मी थांबले नाही.

परतीला चक्क बसायला मिळालं. सगळ्या जणी पुढच्या शनिवारी 150 पाकिटं करायची का यावर बोलत होत्या. मी गाळणीचं सांगितलं, तर कुणाला नीट ऐकू गेलं नाही. भाईंदर सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, आणि मी घड्याळात बघितलं. दोनला एक मिनिट कमी होतं.