सातशेचा प्लग की सव्वाशेचा?

मी औषध कंपनीचा एमआर. सांगलीतनं सकाळी निघायचं आणि तासगाव, विटा, आटपाडी, कधी कवठेमहांकाळ, जत असे दवाखाने करत फिरायचं. हे सगळं पल्सर १५० वर. आमच्या मंडळींच्या चहाच्या गप्पांत टार्गेटच्या खालोखाल गाडीचाच विषय असतो, आणि हल्ली त्यात एक प्रश्न हमखास निघतो: इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग साध्या निकेलच्या ऐवजी इरिडियम या महाग धातूच्या टोकाचा घातल्यानं खरंच फरक पडतो का?

पडतो. पण बहुतेकांना जो जाणवतो तो नव्या प्लगचा फरक असतो, इरिडियमचं त्यात फारसं काही नसतं.

माणूस प्लग बदलायला जातो कधी, ते बघा. गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुरते, चढाला मिसिंग मारते, अॅव्हरेज पडलेलं असतं. म्हणजे आतला प्लग पार थकलेला असतो. प्लगाला दोन इलेक्ट्रोड असतात, एक मधला आणि एक वरून वाकलेला, आणि ठिणगी पडते ती त्यांच्यातल्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये. दर ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अगदी कणभर धातू उडतो. पाच हजार आरपीएमला चार स्ट्रोक इंजिनात मिनिटाला अडीच हजार ठिणग्या लागतात. साठच्या वेगानं दहा हजार किलोमीटर म्हणजे ढोबळमानानं दहा हजार मिनिटं, म्हणजेच अडीच कोटी ठिणग्या. एवढ्यात मधल्या इलेक्ट्रोडची धारदार कड गोल होते, गॅप वाढते, आणि तेवढीच ठिणगी पाडायला प्लगाला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलला जास्त व्होल्टेज लावावं लागतं. असला म्हातारा प्लग काढून सातशे रुपयांचा नवा घातला की गाडी पळणारच. सव्वाशेचा नवा घातला असता तरी पळाली असती, पण ते करून बघतो कोण?

आमच्या धंद्यात नवं औषध साखरेच्या गोळीशी किंवा चालू औषधाशी ताडून बघतात, रुग्णाच्या आधीच्या दुखण्याशी नाही. प्लगचंही तसंच बघायला हवं: नव्यासमोर नवा. मी तसं केलं. आधी इरिडियमची जोडी घालून काही महिने फिरलो, मग ती काढून साध्या निकेलची नवीकोरी जोडी घातली. पल्सरला दोन प्लग लागतात हे विसरू नका, म्हणजे किंमतही दुप्पट. रस्ता रोजचाच, पंप तोच, टायरमधली हवा सोमवारी सकाळी बघून घेतलेली. दंडोबाच्या डोंगरावर चढणाऱ्या रस्त्याला चौथ्या गिअरमध्ये गाडी कुठं दम टाकते ते मला पाठ आहे. दोन्ही प्लगांवर ती तिथंच दम टाकते. थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला चालू होण्यात इरिडियम किंचित सरस वाटला, पण हे मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही.

आमचा नेहमीचा फिटर हे सगळं ऐकून म्हणाला, "सायेब, जुना काढून काहीबी घाला, गाडी पळणारच की." त्याला ताडून बघायची गरज पडली नव्हती.

आता इरिडियम वाईट का? अजिबात नाही. धातू खरोखर जबरदस्त आहे. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम जवळपास २४५० ला. त्यामुळं त्याचं टोक अगदी बारीक ठेवता येतं आणि तरी ते लवकर झिजत नाही. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. एनजीकेच्या इरिडियम आयएक्सचं टोक ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरचं तर ०.४ मिमी. टोक बारीक असलं की तिथं विद्युतक्षेत्र एकवटतं आणि कमी व्होल्टेजला ठिणगी उडते. शिवाय नुकती पेटलेली ज्योत सुरुवातीला मोहरीएवढी असते. जाड इलेक्ट्रोड तिची उष्णता खेचून घेतो, बारीक टोक कमी खेचतं. हे दोन्ही फायदे खरे आहेत, त्यात भूलथाप काही नाही.

प्रश्न एवढाच की तुमच्या गाडीला त्यांची गरज आहे का. चालू स्थितीतली सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किंवा फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर कॉइलकडं व्होल्टेज हवं त्यापेक्षा बरंच शिल्लक असतं. साधा नवा प्लग तिथं पेट्रोल-हवेचं मिश्रण प्रत्येक वेळी पेटवतो. आणि जे आधीच प्रत्येक वेळी पेटतंय ते आणखी जास्त काय पेटणार? ठिणगीची ऊर्जा असते दहा-वीस-तीस मिलिजूल, म्हणजे एका जूलचा अगदी छोटा अंश. त्याच क्षणी १५० सीसीच्या सिलिंडरमध्ये फुल थ्रॉटलला जे पेट्रोल जळतं त्याची ऊर्जा काही शे जूल भरते. ठिणगीचं काम आग लावून देण्याचं, ताकद पेट्रोलची. "पॉवर वाढते" असं दुकानदार म्हणाला की मी हसून पुढची चौकशी करतो.

चार टोकांचा प्लग पण विकतात, "चारी बाजूंनी ठिणगी" असं सांगून. एका वेळी ठिणगी एकाच टोकावर पडते, जिथं वाट सोपी असेल तिथं. टोकं चार असल्यानं झीज वाटली जाते आणि आयुष्य वाढतं, एवढंच.

पैशाचं बोलू, कारण माझा पगार आणि पेट्रोल भत्ता दोन्ही मोजून मिळतात. आमच्याकडं साधा प्लग सव्वाशेच्या आसपास पडतो, इरिडियम सातशेच्या. इरिडियम दुप्पट टिकला असं धरू. वीस हजार किलोमीटरला साध्याच्या दोन जोड्या म्हणजे ५००, इरिडियमची एक जोडी १४००. फरक ९०० रुपये. ४५ च्या अॅव्हरेजनं तेवढ्या अंतराला साधारण ४४४ लिटर पेट्रोल लागतं. लिटर १०५ रुपये धरलं तर हे ९०० भरून निघायला साडेआठ लिटर वाचायला हवं, म्हणजे जवळपास दोन टक्के. ४५ ची गाडी कायम ४६ ला थोडी कमी द्यायला पाहिजे. टाकी फुल करताना पंपावरच्या पोरानं नोझल कधी थांबवलं यावर यापेक्षा मोठा फरक पडतो. मग लोक "माझी पाच किलोमीटरनं वाढली" म्हणतात ते कशावरून? आधीचा प्लग मेलेला होता यावरून.

दुप्पट टिकतो असं वर धरलं, त्यातही एक गोम आहे. बाजारात मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या बऱ्याचशा इरिडियम प्लगांत मधलं टोक तेवढं इरिडियमचं असतं, वरून वाकलेला इलेक्ट्रोड निकेलचाच. मधलं टोक झिजत नाही पण वरचं झिजतं, आणि गॅप वाढायची ती वाढतेच. मोटारींत लाखभर किलोमीटर चालणारे जे प्लग असतात त्यांच्या वरच्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनमचा ठिपका बसवलेला असतो. त्यांच्या आयुष्याचा आकडा आपल्या सातशेच्या प्लगाला लावू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मात्र धातूवरून नाही, नंबरावरून. एनजीकेचा सीपीआर८ईए-९ घ्या. त्यातला सी म्हणजे १० मिमीचा आटा, पी म्हणजे पुढं आलेलं पोर्सेलिन, आर म्हणजे रेझिस्टर, ८ ही हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो; लवकर टाकणारा तो थंड, सावकाश टाकणारा तो गरम), ई म्हणजे १९ मिमी लांबीचा आटा आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप. ई च्या जागी एच असेल तर आट्याची लांबी १२.७ मिमी. लांब आट्याच्या जागी आखूड बसवला तर उरलेल्या आट्यात काजळी भरते. आखूडच्या जागी लांब घुसवला तर पिस्टनला थडकायची भीती.

हीट रेंजची तर वेगळीच गंमत आहे. एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, मोठा आकडा म्हणजे गरम. चॅम्पियनचंही बॉशसारखंच. डेन्सोचे आकडे २०, २२, २४ असे. तिथला २२ म्हणजे एनजीकेचा ७, २४ म्हणजे ८. आणि आपला दुकानदार "सात नंबर ना? हा घ्या सात" म्हणून दुसऱ्याच कंपनीचा ७ काढून देतो. प्लगाचं टोक साधारण ५०० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडतो. त्याच्या वर गेलं तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. चुकीच्या रेंजचा इरिडियम बरोबर रेंजच्या साध्या प्लगापेक्षा कधीही वाईट. गाडीच्या पुस्तकात नंबर छापलेला असतो. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. बीएस-६ गाडी असेल तर आर चुकवू नका. रेझिस्टर नसला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, त्रास देऊ शकतो.

नकली प्लगांचा सुळसुळाट आहे. महाग प्लगाची नक्कल करण्यात नकलीवाल्याचा फायदा जास्त, म्हणून इरिडियम घेताना जास्त बघा. खऱ्याचा वॉशर आट्यावर अडकवलेला असतो, सहज फिरवून निघून येत नाही. पोर्सेलिनवरची छपाई स्वच्छ असते, नखानं खरवडून जात नाही. मधलं टोक बरोबर वाकलेल्या इलेक्ट्रोडच्या खाली, सरळ मध्यावर हवं. आमच्या भागातल्या एका दुकानात मला निम्म्या किमतीत "ओरिजिनल" इरिडियम मिळत होता. बारीक टोक बघायला भिंग मागितलं तर दुकानदारानं डबी परत कपाटात ठेवली.

मग इरिडियम घ्यायचाच नाही का? तसंही नाही. कंपनीनंच इरिडियम दिलेला असेल तर गुमान तोच घाला, तिथं काटकसर नको. चार सिलिंडरची मोठी गाडी असेल, टाकी आणि एअरबॉक्स उतरवल्याशिवाय प्लग दिसतच नसेल, तर मजुरी आणि वैताग वाचवायला जास्त टिकणारा प्लग परवडतो. आणि तिसरी जात म्हणजे मिरजेच्या माझ्या मामांची येझदी.

ही पॉइंट आणि कॉइलवाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आधीची जुनी गाडी, टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. टू स्ट्रोकला दर फेऱ्याला ठिणगी लागते, किक मारताना मिळणारं व्होल्टेज बेताचंच, आणि मामा गाडी चालवणार तीही घर ते लक्ष्मी मार्केट, तिसऱ्या गिअरच्या वर नाही. प्लग सदानकदा काळा. मामांच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. तिथं इरिडियम घातला आणि फरक उघड दिसला. व्होल्टेज तुटपुंजं असताना कमी व्होल्टेजला पेटणारं टोक कामी येतं, हे पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा पायाखाली जाणवलं, कारण किका कमी झाल्या. ऑइल जास्त पडलं तर तोही ओला होतोच, ते त्याच्या हातात नाही. मामांना एकच गोष्ट दहादा सांगावी लागली: याला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही, गॅप करायला स्क्रू ड्रायव्हर मधल्या टोकाला टेकवायचा नाही. इरिडियम कडक आहे तसंच ठिसूळ आहे, टोक मोडतं.

मी स्वतः पल्सरला साधेच प्लग घालतो, वेळच्या वेळी. थंड इंजिनावर काढायचे, आधी भोवतीची धूळ फुंकून टाकायची, नवा हातानंच पूर्ण फिरवत न्यायचा आणि वॉशर टेकला की प्लग पान्यानं अर्धा फेरा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये यापेक्षा जास्त मर्दानगी दाखवली तर आटे जातात, आणि मग हिशोब सव्वाशे-सातशेचा राहत नाही, लेथवाल्याकडं जातो. काढलेल्या जोडीतला बरा दिसणारा एक सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवतो. जतच्या पुढं रात्री गाडी बंद पडली तर सगळ्यात जवळचं स्पेअर पार्टचं दुकान सकाळी दहाला उघडतं.