मोजलेले पाणी

पारोळा ते जळगाव हा रस्ता मला खड्ड्यांसकट पाठ आहे, कारण गेली दोन वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तो एसटीच्या खिडकीतून पाहते आहे. जाताना हे ताठ बसलेले असतात. डायलिसिसचे चार तास संपवून परतताना यांची मान माझ्या खांद्यावर असते. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरीला निघते, पण महिनाभर घर सोडण्याइतकी उसंत मला कोठून मिळणार? माघ वद्यात मात्र खानदेश-वऱ्हाडातल्या दिंड्याच मुक्ताईकडे येतात, आणि आमच्या भागातली दिंडी याच रस्त्याने जाते. या वर्षी नणंद धरणगावहून कपड्यांची पिशवी घेऊनच आली आणि म्हणाली, "वहिनी, पाच दिवस दादाला मी पाहते, तुम्ही निघा." मी आढेवेढे घेतले, पण ते तोंडदेखलेच होते.

पहिला मुक्काम एरंडोल. त्याबद्दल मला फक्त एवढेच आठवते की, माझ्याशेजारी झोपलेल्या काकूंनी रात्री अकरापर्यंत मूत्रपिंडावरचे चार पाले सांगितले. कोणाच्या तरी मेहुण्याची यंत्रे एका पाल्याने सुटली होती म्हणे. हे सारे मी दोन वर्षे ऐकत आले आहे; हरिनामाच्या वाटेवर तरी ऐकावे लागू नये, असे वाटून मी कूस बदलली आणि त्यांच्याबद्दल मनात जे आले ते वारकऱ्याला शोभणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाळधीच्या अलीकडे माझे पाय गेले. माघातले ऊन सकाळी गोड वाटते, पण बारानंतर आपल्याकडचे डांबर माघ-वैशाख ओळखत नाही. चपला नव्या घेतल्या होत्या, हा माझाच मूर्खपणा. उजव्या चवड्याखालचा फोड फुटला आणि प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. दिंडी पुढे गेली. टाळांचा आवाज आधी बारीक झाला, मग ट्रकांच्या घरघरीत बुडाला. एका बाजूला कापणीला आलेली दादर ज्वारी, दुसऱ्या बाजूला उपटून रचलेल्या पऱ्हाट्या, आणि मधे मी एकटीच लंगडत होते. विणेकऱ्यांना मागे वळून पाहायला काय झाले होते, याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

रस्त्याच्या कडेला पंक्चरचे एक दुकान होते; दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री आणि हवेचे यंत्र. साठीचा एक माणूस ट्यूब घासत बसला होता. "कथा चालनी माय?" त्याने विचारले. मुक्ताईला, असे मी म्हणाले. त्याने पायाकडे पाहिले, एक टायर पुढे ओढला आणि म्हणाला, "बठ आठे." ज्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतात, त्यातले काळे पाणी त्याने ओतून दिले, टप राखेने घासला, माठातले पाणी भरले आणि आपल्या डब्यातली मिठाची पुडी त्यात सोडली. मी पाय बुडवले तेव्हा झोंबून किंकाळीच फुटायची, ती मी 'विठ्ठल' म्हणून काढली. तो हसला. मग त्याने जुन्या ट्यूबचा मऊ तुकडा कापला, फोडाच्या जागी बरोबर भोक पाडले आणि सोल्युशन लावून चपलेत चिकटवला. तो वाळेपर्यंत त्याने मला तांब्याभर पाणी दिले.

मी एका दमात तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. तो पीत असतानाच मला घरची बाटली आठवली. यांच्या बाटलीवर मी नखपॉलिशने रेघा ओढल्या आहेत. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि वरणसुद्धा. संध्याकाळी रेघ संपली की हे बाटलीकडे पाहतात आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते. यांचे दिवसभराचे पाणी मी टायरवर बसून पाच मिनिटांत प्याले होते. तहान म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. ठाऊक होत्या त्या रेघा.

पैसे काढले तर तो म्हणाला, "हाई पंक्चर नही शे. मंग पैसा कसाना?"

शुक्रवारी दिंडी जळगावातून निघाली. रुग्णालयाचा फाटा आला तेव्हा अकरा वाजले होते, म्हणजे आत हे यंत्राला जोडलेले होते. वळून भेटून यायला अर्धा तास पुरला असता. मी वळले नाही. कोणी भजनाचे चरण उचलले होते आणि माझे पाय ठेक्यात पडत होते. वाईट वाटायला हवे, असे मी स्वतःला दोनदा बजावले, तरी वाटेना. नशिराबादला वरण-बट्टी होती आणि मी भरपूर खाल्ली. रात्री पाला सांगणाऱ्या त्याच काकूंनी अशी गौळण म्हटली की पुरुषही उठून फुगडी घालू लागले. पुढे भुसावळ, दीपनगरची धुराडी, वरणगाव.

एकादशीला दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांची गुरू ही. तिच्याकडे यांच्यासाठी चार दिवाळ्या मागाव्यात, एवढा माझा हिशेब होता, पण समोर पोहोचले आणि सेवेकरी बाईंनी "चला, पुढे चला" म्हणत ढकलले. मागायचे राहूनच गेले.

त्याच सकाळी मुक्ताईनगरच्या अलीकडे एका बागाईतदाराने रस्त्यावर ट्रॅक्टर लावून फण्याच्या फण्या वाटल्या होत्या. केळ्यात पोटॅशियम फार, म्हणून आमच्या घरी दोन वर्षांत केळे आलेले नाही; यांच्यासमोर खायचे नाही म्हणून मीही सोडले होते. तेवढ्यात यांचा फोन आला.

"फराळ झाला का?"

"केळी खाल्ली," मी म्हणाले. खोटे बोलायचे सुचलेच नाही.

"किती?"

"तीन."

पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग यांनी विचारले, "साल पातळ होती का?"

"हो, पातळ होती. गोडही फार होती."

"मग अजून एक खा," हे म्हणाले, "माझ्या वाटचे."

फोन कानालाच ठेवून मी चौथे सोलले.