साठ माणसं गेली, खर्च कुणाच्या खात्यावर?

मी कॉस्ट अकाउंटंट. इंदूरला लोकमान्य नगरात राहते, पण कामं बहुतेक पीथमपूरच्या कारखान्यांची. गिअर, गोळ्या, प्लॅस्टिकचे डबे, अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंची किंमत काढायची सवय. 2019 च्या उन्हाळ्यात एका टेलिफोन कंपनीचं काम आलं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे टेलिफोन कंपन्यांना दरवर्षी वेगळा हिशेब द्यावा लागतो. कुठल्या सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या विभागात, कुठल्या सेवेवर किती खर्च झाला आणि किती मिळालं, हे त्यात फोडून दाखवायचं असतं. "गेल्या वर्षीचंच पत्रक आहे, नवे आकडे भरायचे," असं मला सांगितलं होतं. गणपती आले तरी मी तेच भरत बसले होते.

कारण त्या वर्षी कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आणली होती. साठ माणसं 30 मार्चला, शनिवारी, कामावरून मोकळी झाली. (इथले आकडे मी बदलून सांगते आहे, गिऱ्हाइकाची ओळख नको. प्रमाण मात्र साधारण तेच.)

पहिली चूक माझीच. पर्सोनेलकडून व्हीआरएसचा एकूण आकडा मागितला, तो आला 14 कोटी. मी तो उचलला आणि मांडला. चार दिवसांनी जुळणी करायला बसले. ट्रायच्या पत्रकातली बेरीज ऑडिट झालेल्या हिशेबाशी जुळलीच पाहिजे, तिथे सूट नाही. फरक 3 कोटी 20 लाखांचा. रात्री साडेअकराला डोक्यात प्रकाश पडला. त्या 14 कोटींत ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसेही होते, आणि त्यांची तरतूद कंपनी वर्षानुवर्षं करत आलेली होती. माणूस आज गेला काय किंवा पाच वर्षांनी, ते देणं लागतच होतं. व्हीआरएसमुळे नव्याने पडलेला बोजा तेवढा सानुग्रह रकमेचा, म्हणजे लवकर जाण्याबद्दल वर दिलेल्या पैशांचा: 10 कोटी 80 लाख. मी बाकीचं दुसऱ्यांदा मोजत होते. पहिल्या वर्षाच्या पोरानेही करू नये अशी चूक, पण पगार विभागाच्या कागदावर सगळं एकाच रकान्यात येतं आणि फसायला होतं.

आता हे 10 कोटी 80 लाख. एकच रक्कम, पण प्रत्येक वहीत तिचं वेगळंच वय.

ऑडिटच्या वहीत ती अख्खी त्याच वर्षी. इंड एएस 19 हे हिशेबाचं मानक म्हणतं की कर्मचाऱ्याने देकार स्वीकारला किंवा कंपनीला तो मागे घेता येईनासा झाला, यांतलं जे आधी घडेल तेव्हा खर्च दाखवा. पैसे कधी दिले याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे निम्मे मार्चमध्ये दिले, निम्मे जुलैत, तरी खर्च सगळा 2018-19 चा. इन्कम टॅक्सच्या वहीत कलम 35डीडीए. तिथे जे प्रत्यक्ष दिलं त्याचा पाचवा हिस्सा त्या वर्षी आणि बाकीचे चार हिस्से पुढच्या चार वर्षांत. म्हणजे मार्चमध्ये दिलेल्या 5 कोटी 40 लाखांतले फक्त 1 कोटी 8 लाख. तिसरी वही माझ्या धंद्याची, कॉस्ट रेकॉर्ड्सची. कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड 7 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: व्हीआरएसचा खर्च ज्या काळाला त्याचा फायदा होणार त्या काळात विभागा, आणि अप्रत्यक्ष खर्च म्हणून सेवांवर टाका. गेलेल्यांचं सरासरी वय 53, कंपनीत निवृत्ती 58 ला. त्यांचे पाच वर्षांचे पगार वाचले म्हणून पाच वर्षं धरली. वर्षाला 2 कोटी 16 लाख.

आणि चौथी वही ट्रायची. कंपनी स्वतःची हिशेबपद्धत एका मॅन्युअलमध्ये लिहून ट्रायला देते. आमच्या मॅन्युअलमध्ये विजेचं बिल कसं वाटायचं, टॉवरचं भाडं कसं वाटायचं, सगळं होतं. माणसं कमी केल्याचा खर्च कसा वाटायचा याबद्दल एक ओळ नव्हती.

किती वर्षांत, हा प्रश्न जुळणीनेच सोडवला: ऑडिटशी जुळायचं तर अख्खी रक्कम त्याच वर्षी, फक्त वेगळ्या ओळीवर, पगारात मिसळायची नाही. खरी मारामारी कुठल्या सेवेवर टाकायचं याची.

मॅन्युअलप्रमाणे कर्मचाऱ्यांशी निगडित खर्च 31 मार्चच्या हजेरीपटावर वाटायचा. मी तसा वाटला. लँडलाइनच्या वाट्याला आले 20 टक्के, बाकी मोबाइलवर. आकडा नीटनेटका दिसत होता, म्हणून मी पुढे गेले. दोन दिवसांनी पुन्हा बघताना लक्षात आलं की 31 मार्चला ती साठ माणसं पटावर नव्हतीच! ज्या विभागातून सगळ्यात जास्त गेली त्याच्यावर सगळ्यात कमी खर्च, आणि जिथून कुणी हललं नाही तो विभाग सगळ्यांची वर्गणी भरतोय. घर सोडून गेलेल्याचं वीजबिल शेजाऱ्याच्या दारात टाकल्यासारखं.

मग जाणाऱ्यांच्या मूळ विभागाप्रमाणे मांडलं. आता लँडलाइनवर 90 टक्के. हेही मनाला पटेना, पण का पटत नाही ते सांगता येईना.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, दूरसंचार खात्यात केबल जॉइंटर म्हणून उमेदवारी सुरू केलेले, आता निवृत्त. रविवारी सकाळी पोहे घेऊन आले तेव्हा माझ्या टेबलावर कागद पसरलेले. मी आपलं सहज विचारलं, "काका, लाइनमन दिवसभर काय करतो हो?"

"काय करतो म्हणजे? पिलर उघडतो, डीपीवर जातो, ड्रॉप वायर बदलतो. त्याच जोडीवर फोन, त्याच जोडीवर इंटरनेट. वाटेत बँकेची लीज लाइन बंद असेल तर आधी ती, नाहीतर मॅनेजर डोकं खातो. टॉवरकडे जाणारी फायबर तुटली की सगळं टाकून तिकडे."

"मग पगार कुठल्या सेवेचा?"

"अगं, तो तुम्हा लोकांचा प्रश्न. आम्ही डॉकेट लिहायचो."

डॉकेट! कंपनीत बिघाडाच्या प्रत्येक तक्रारीचं डॉकेट बनतं, आणि त्यावर सेवेचा प्रकार असतो. बाहेरच्या कामातल्या माणसांची वर्षभराची डॉकेटं मागवली. संगणकावर होती म्हणून बरं. त्यांच्या वेळेचं प्रमाण काढलं, एक्स्चेंजमधल्या आणि ऑफिसातल्या लोकांचं वेगळं धरलं, आणि लँडलाइनचा वाटा आला साधारण निम्मा.

फरक किती पडतो हे कंपनीच्या मॅनेजरसाहेबांना दाखवायला लँडलाइनची 40 हजार कनेक्शनं धरून हिशेब केला. हजेरीपटाने वाटलं तर एका कनेक्शनवर महिन्याला 45 रुपये. मूळ विभागाने 202 रुपये 50 पैसे. डॉकेटने 112 रुपये 50 पैसे. माणसं तीच, पैसा तोच. साहेबांना 45 आवडला, साहजिकच. लँडलाइन महाग दिसली की वरून प्रश्न येतात. मी म्हटलं, तो आकडा मला सही करून देता येणार नाही. थोडी बोलाचाली झाली. शेवटी डॉकेटची पद्धत मॅन्युअलमध्ये लिहून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं ठरलं, म्हणजे पुढच्या वर्षी सोयीप्रमाणे बदलता येणार नाही.

हेही कबूल करायला हवं की माझ्या 112 रुपयांमुळे कुणाचं बिल वाढणार नव्हतं. बहुतेक दर ट्रायने कंपन्यांवरच सोडलेत, आणि लँडलाइनवर कॉल पोचवण्याचं शुल्क 2015 मध्येच शून्य झालंय. जिथे नियामक दर ठरवून देतो तिथली गोष्ट निराळी. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांचे दर आयोग ठरवत तेव्हा हा खर्च पुढच्या वर्षांसाठी मालमत्ता म्हणून ठेवायची सोय होती. अट एवढीच की आयोग तो ग्राहकांकडून वसूल करू देणार अशी खात्री हवी. आमच्या साहेबांनीही विचारलं होतं, "आपणही असंच पुढे ढकलू का?" वसुलीची हमी कोण देणार, म्हटल्यावर विषय संपला.

एक गंमत राहिली. सर्कल म्हणजे मध्य प्रदेश, पण परवान्याच्या नकाशात छत्तीसगडही त्यातच. त्यामुळे इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत पिलर उघडणाऱ्या माणसाचा खर्च जगदलपूरच्या ग्राहकाच्या सरासरीत जाऊन बसला. त्याला माझ्याकडे उपाय नव्हता.

पत्रक मुदतीत गेलं. ऑक्टोबरच्या 23 तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएल आणि एमटीएनएलची योजना मंजूर केली: पन्नाशी ओलांडलेल्यांना व्हीआरएस, सानुग्रह रकमेसाठी 17,169 कोटी, आणि तो खर्च सरकारी अर्थसंकल्पातून. अर्ज 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर. पहिल्याच आठवड्यात काका धाकट्या भावाला घेऊन आले. वय 54, नोकरी 30 वर्षं, तोंडावर प्रश्नचिन्ह.

झालेल्या प्रत्येक वर्षाचे 35 दिवस, उरलेल्या प्रत्येक वर्षाचे 25. मी मांडलं: 1050 अधिक साठाव्या वर्षापर्यंतच्या सहा वर्षांचे 150, बाराशे दिवस, म्हणजे 40 महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता. पेन्शन वेगळी, पण कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं, वयाची साठ वर्षं झाल्यावर. करात 10(10सी) खाली पाच लाखांपर्यंत माफ, आणि ते घेतलं तर त्याच रकमेवर कलम 89 ची सवलत नाही. दोन्ही करून बघू, म्हटलं, जे जास्त वाचेल ते घेऊ.

भाऊ गप्प बसून आकडे बघत होते. काकांनी मात्र मलाच विचारलं, "आणि ह्याचे हे पैसे कुठल्या फोनवर टाकणार ते लोक?"

"सरकार देतंय काका, फोनवर नाही पडणार."

"मग कुणावर पडणार?"

मी कॅल्क्युलेटर पुन्हा शून्यावर आणला आणि कलम 89 चा हिशेब सुरू केला.