तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लेशियर बघायला बोटच कशाला?

अलास्काचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तिथली राजधानी जुनोहून हेलिकॉप्टर थेट ग्लेशियरवर, म्हणजे हिमनदीवर, नेऊन उतरवतं, दोन-तीन तासांत सगळं होतं, मग दिवसच्या दिवस बोटीत बसून काय मिळतं? प्रश्न रास्तच आहे, सुट्ट्या मोजक्या असतात आणि ट्रिप महाग पडते. तरी माझं उत्तर दरवेळी बोटच, आणि एकच जागा निवडायची असेल तर ग्लेशियर बे, अलास्कातली नॅशनल पार्क असलेली खाडी.

कारण सांगते. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती आणि आतला सगळा भाग बर्फाखाली. १८७९ ला निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर इथल्या मूळच्या त्लिंगिट लोकांबरोबर होडीतून आला तोवर बर्फ चांगला पन्नासेक किमी तरी मागे सरकला होता, आणि १९१६ पर्यंत पार टोकाला, म्हणजे तोंडापासून शंभर किमी आत. त्यामुळे आज बोट खाडीच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्ह बंदराहून आत निघाली की जेवढी पुढे जाते तेवढी जमीन वयाने लहान होत जाते. सुरुवातीला स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट जंगल, खोडाखोडावर शेवाळ. मग झाडं विरळ होतात, मग नुसती आल्डरची झुडपं, मग खडकाला चिकटलेला हिरवट थर आणि शेवटी बर्फाने घासून काढलेला कोरा खडक, त्यावरचे ओरखडे दुर्बिणीतून स्वच्छ दिसतात. उघड्या दगडावर जंगल उभं राहायला दोनशे वर्षं लागली, ती सगळी एका दिवसात ओळीने समोरून जातात, फक्त उलट्या क्रमाने. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून काय काय उगवतं ते नोंदवायला घेतलं, त्याच्या धडपडीमुळे १९२५ मध्ये या भागाला संरक्षण मिळालं. हे बोटीच्याच वेगाने कळतं हो, वरून उडत गेलात तर हिरवं आणि पांढरं एवढंच दिसेल.

वाटेत साउथ मार्बल बेट लागतं, सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी) एकमेकांच्या अंगावर लोळत ओरडत असतात, आणि वारा तिकडून असेल तर ते दिसायच्या आधी वास येतो. पफिन पक्षी पण इथेच. कॅमेरा हातात ठेवा.

टोकाला मार्जरी ग्लेशियर. दीडेक किमी रुंद, पाण्याच्या वर सत्तर-पंचाहत्तर मीटर उंच. बोट इंजिन मंद करून थांबते आणि तेव्हा प्लीज आत केबिनमध्ये जाऊ नका, कितीही गारठलात तरी डेकवरच उभे राहा, कारण पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांतून सतत बारीक आवाज येत असतो, तेलात मोहरी तडतडावी तसा. बर्फ झाला तेव्हा त्यात कोंडली गेलेली हवा आता बाहेर पडत असते. मधेच भिंतीचा एखादा कडा सुटतो, तो आधी पडताना दिसतो आणि धडाड आवाज मागून येतो. शेजारीच ग्रँड पॅसिफिक ग्लेशियर आहे, दगडमातीने झाकलेला, काळपट, बरेच लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. मला मात्र तोच जास्त वेळ बघावासा वाटतो, कारण एवढी मोठी खाडी कोरण्यात मोठा वाटा त्याचाच.

आणि ही रिकामी जागा नव्हती हे पण सांगायलाच हवं. हूना त्लिंगिट लोकांची इथे गावं होती, अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरं सोडावी लागली. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं कुलगृह पुन्हा उभं राहिलं, किनाऱ्यावर उतरलात तर तिथे नक्की जा, घाईत टाळू नका.

आता कुठली बोट. मोठ्या क्रूझ दिवसाला जास्तीत जास्त दोनच आत सोडतात, पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती देतात, घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर हेच सोयीचं. चालता-फिरता येत असेल तर मी सांगेन की जुनोहून सरकारी फेरीबोटीने किंवा छोट्या विमानाने जवळच्या गस्टेव्हस गावाला या आणि बार्टलेट कोव्हहून दिवसभराची छोटी बोट घ्या, पाण्याच्या अगदी जवळ असता आणि किनाऱ्यावर अस्वल दिसलं तर कॅप्टन थांबतो. फेरीबोट स्वतः ग्लेशियर बेच्या आत जात नाही, हे बुकिंगआधी लक्षात घ्या. आणि क्रूझ सिॲटलहून सुटणारी असली तरी ती बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, तेव्हा भारतीय पासपोर्ट आणि एच-वन-बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) असेल तर कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना तो लागत नाही.