रुप्याचा वेल

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून काहीही आणायचं नाही, असं दर जानेवारीत ठरवून निघते आणि रिक्षातून मांडीवर कुंडी घेऊन परतते. यंदा मांडीवर आलं ते डायकॉन्ड्रा. त्यातली 'सिल्व्हर फॉल्स' नावाची जात. नखाएवढी गोल पानं, बारीक दोऱ्यासारख्या फांद्या आणि सगळ्यावर चांदीचा वर्ख.

सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "रुप्याचा वेल दिसतोय. घासायला नाही ना लागत?"

गौरी-गणपतीच्या आधी आमच्या घरची चांदी घासण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली आहेत, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण ही चांदी उलट्या स्वभावाची. पान खरं हिरवंच. अंगावर दाट, बारीक लव असते, ती ऊन परतवते आणि पानातलं पाणी राखते. ऊन जितकं कडक तितकी झळाळी. सावलीत ठेवलं की हळूहळू हिरवट, ओशाळं दिसायला लागतं. मूळ गाव टेक्सास, ॲरिझोना, उत्तर मेक्सिको, म्हणजे आपल्या एप्रिलला घाबरणारं हे पाहुणं नव्हे. तिकडे याला शिंगराचा खूर म्हणतात. कुळ मात्र अगदी ओळखीचं: उपवासाचं रताळं आणि ओढ्याकाठची बेशरम, दोन्ही याच्याच भाऊबंदकीतली. आमच्या कुंडीत बेशरमचे गुण आधी दिसले. मार्चअखेर वेल कठड्यावरून तीन फूट खाली उतरला होता.

खाली काकू राहतात. त्यांच्या ग्रिलवर, आमच्या कठड्याच्या छज्जाखाली, कोरफडीच्या कुंड्या. आणि एप्रिलमध्ये त्याच ग्रिलच्या कडेला कुरडयांचं प्लास्टिक.

इथे माझं चुकलं. कुंडी उन्हात म्हणून मी रोज सकाळी पाणी घालायची, तेही कौतुकानं, भरपूर. खरं तर या वेलाला माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी हवं. फारच तहान लागली तर पानं मलूल होऊन लोंबतात, पाणी घातलं की तासा-दोन तासांत पुन्हा तरतरीत. एवढं स्पष्ट बोलणारं झाड माझ्याकडे दुसरं नाही. पण ऐकायला मी थांबले तर ना! जास्तीचं पाणी कुंडीच्या भोकातून थेट कुरडयांवर.

"अगं, तुझा धबधबा आवर," काकू खालून म्हणाल्या. वेलाच्या इंग्रजी नावातला 'फॉल्स' म्हणजे धबधबाच; ते नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी बरोबर म्हणाल्या. मी ओशाळून कुंडीखाली ताटली ठेवली. कुरडया वाचल्या.

मे महिनाभर ताटलीतलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. वेल असा चमकत होता की समोरच्या बिल्डिंगमधले लोक विचारायचे, प्लास्टिकचा आहे का? (याला मी स्तुती समजते.) वरचा भाग मात्र विरळ झाला होता. शेंडे खुडले असते तर बुंध्याशी फुटवे आले असते. लांबी कमी होईल म्हणून कात्री लावली नाही. केस वाढवणाऱ्या मुलींचं असतं तसं.

जूनच्या पहिल्या पावसात पानं भिजून हिरवी दिसली, वाळल्यावर पुन्हा रुपेरी झाली. मजा वाटली. जुलैत झड लागली आणि ताटली मी विसरले. पाणी धरून ठेवणारं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेली कुंडी, खाली साचलेलं पाणी, आठ दिवस सूर्य नाही. बुंध्याजवळची पानं आधी पिवळी, मग काळी, मग बोट लावलं तर चिकट. मुळं कुजली होती. खालच्या झुपक्यापर्यंत काय झालं ते बघायचं धैर्य झालं नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या साफसफाईत कुंडी रिकामी करायला घेतली. एकेक वाळकी दोरी वर ओढत होते. त्यातली एक येईना. जोर लावला तर खालून आवाज, "कोण ओढतंय गं माझी कोरफड?"

वाकून पाहिलं. या वेलाच्या पेराला माती लागली की तिथेच मूळ फुटतं, हे मला माहीत होतं. तो कुठल्या मातीला लागलाय हे माहीत नव्हतं. काकूंची कोरफड मुरूम-वाळूत लावलेली, पाऊस छज्जामुळे अंगावर येत नाही, आणि पाणी त्या आठवड्यातून एकदा, तेही आठवलं तर. कोरफडीच्या पायाशी माझ्या चांदीचा गालिचा पसरला होता. वरचा दोर केव्हाच वाळून गेलेला, खाली सगळं जिवंत.

"तुझाच आहे तो," काकू म्हणाल्या, "पण आता माझा आहे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी त्याच वर आल्या. चहाच्या कपात ओली वाळू, वाळूत मुळं फुटलेल्या चार पेरांच्या काड्या. सासूबाईंनी कप हातात घेऊन पानं चष्म्याजवळ नेली. "बघ, घासायला नाहीच लागत."

काकू दारातून पुन्हा वळल्या.

"कप परत दे हं. सेटमधला आहे."