पास नाही, नापास नाही, ‘साठ दिवसांनी आणा’

तीन खोंड वळू म्हणून लायक आहेत का, हे तपासायला नेले. दोघांचं तासाभरात उरकलं. तिसरा, चौदा महिन्यांचा, अंगापिंडानं सगळ्यांत भरलेला. त्याच्याच कागदावर डॉक्टरांनी लिहिलं: ‘निर्णय राखून, साठ दिवसांनी पुन्हा तपासणी.’

माझं डोकंच फिरलं. गायी माजावर यायला लागलेल्या, आणि हे म्हणतात थांबा!

त्यात घेरावरून आधीच पडलं होतं तोंड. घरी मी अंडकोशाचा घेर 33 सेंमी मोजला होता, डॉक्टरांच्या टेपवर भरला 31. दोन्ही वृषणांच्या मधे मी अंगठा घालत होतो, त्यानं घेर फुगतो. वरून पकडून वृषणं खाली ओढायची, बोटं बाजूला ठेवायची आणि टेप सगळ्यांत रुंद जागी लावायची. तरी पंधरा महिन्यांपर्यंत 30 पुरतात, म्हणजे तिथे अडलं नव्हतं. शुक्राणूंची हालचालही किमान 30 टक्के लागते, ती होती.

अडलं आकारावर. रंगवलेल्या स्लाइडवर शंभर शुक्राणू मोजले, धड निघाले 54. हवेत 70. मी वाद घालतोय म्हटल्यावर डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला. डोकं ठीक, शेपूट ठीक, पण मानेपाशी मण्यासारखा थेंब चिकटलेला. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. “कोवळा आहे अजून. वयानं जातील हे थेंब.”

दहा दिवसांनी आणू का, विचारलं. नाही म्हणाले. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला दोन महिने तरी जातात, त्यामुळे आजच्या नमुन्यात तेव्हाचं दिसतं. (म्हणून मधे ताप येऊन गेला असेल तर आधीच सांगा. मला हे नंतर कळलं.) तरी चाळिसाव्या दिवशी मी फोन केलाच. उत्तर तेच.

63व्या दिवशी 78 निघाले. त्या दिवशी गारठा होता, म्हणून स्लाइड कोमट आहे ना, हे मी दोनदा विचारलं. थंड काचेवर शुक्राणू मंदावतात आणि चांगला वळूही नापास दिसतो.

या तपासणीत वळूची इच्छा मात्र मोजत नाहीत. माजावरच्या गाईजवळ सोडून ती आपणच बघायची. आमचे साहेब पहिल्या दिवशी गाईच्या डोक्याकडून चढले.