हंटरचे दात काढताना

शनिवार

कपाटात कधीची पडून असलेली रेव्हेल कंपनीची किट आज उघडली, हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलची. माप १/७२, म्हणजे पंखांची एकूण लांबी जेमतेम चौदा सेंटिमीटर. किटमध्ये आहे तो हंटरचा एफ-६ हा प्रकार. आपल्या हवाई दलाकडे १९५७ पासून जी मार्क ५६ हंटर आली, ती याच एफ-६ वरून केलेली. १९७१ च्या डिसेंबरात जैसलमेरहून उडून लोंगेवालाच्या वाळूत रणगाडे टिपणारी विमानं तीच. त्यामुळे डबा बघताच भाच्याने यादी सुरू केली. "मावशी, खाली रॉकेट्स लावशील ना? रंग हिरवा-करडा ना?"

रॉकेट्स नाहीत, तोफा नाहीत, आणि रंग लालभडक. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मला करायचं आहे डब्ल्यूबी१८८. सिडनी कॅमने आखलेल्या हंटरचा हा पहिला नमुना, २० जुलै १९५१ ला पहिल्यांदा उडालेला. दोन वर्षांनी त्यालाच आफ्टरबर्नरवालं (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारं) एव्हन इंजिन बसवलं, नाक टोकदार केलं, लाल रंग दिला आणि नाव ठेवलं मार्क ३. ७ सप्टेंबर १९५३ ला हॉकरचा चाचणी वैमानिक नेव्हिल ड्यूकने ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिटलहॅम्प्टनसमोर समुद्रालगत ताशी ११७१ किलोमीटरने पळवलं. जागतिक विक्रम.

रेझिनचे तयार भाग परदेशातून मागवता आले असते. पण कस्टम्ससकट ते किटपेक्षा महाग पडतात, आणि मग मी काय फक्त चिकटवत बसू?

सोमवार, रात्री

भर घालण्याआधी काढायचंच पुष्कळ आहे.

एफ-६ च्या नाकाखाली दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा असतो. तोफा चालल्या की काडतुसांच्या पट्ट्यांच्या कड्या सुटून मागे विमानावर आपटायच्या, त्या गोळा करायची ही सोय. ब्रिटिशांनी त्यांना एका नटीवरून 'सॅब्रिना' नाव ठेवलं होतं. का ते फोटो बघून कळतं. दोन्ही कापले. चार तोफांची भोकं फेविक्विक आणि खायच्या सोड्याने बुजवली. सोडा टाकला की फेविक्विक क्षणात दगड होतं, म्हणून लगेच घासायला घ्यावं. सकाळवर टाकलं तर कानशीसुद्धा हार मानते. शेपटाखालची एअरब्रेकची, म्हणजे हवेत वेग कमी करायला उघडणारी, फळी सपाट केली, कारण ती पुढच्या हंटरवर आली. मार्क ३ ला ब्रेक होते ते शेपटाच्या दोन्ही कुशींना.

सगळ्यात नाजूक काम पंखांचं. एफ-६ च्या पंखाची पुढची कड बाहेरच्या भागात एकदम पुढे येते, तिथे एक दात दिसतो. जोरात वळताना हंटरचं नाक आपोआप वर उसळायचं, त्यावरचा तो उपाय. डब्ल्यूबी१८८ ला तो नव्हता. म्हणजे एवढ्याशा पंखाची मिलिमीटर-दोन मिलिमीटर कड छाटायची आणि पुन्हा तीच गोलाई आणायची. आधी चारशेचा वॉटर पेपर, मग आठशे, मग हजार. डोळ्याने कळत नाही, बोटाने कळतं. डोळे मिटून अंगठा पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत न्यायचा आणि कुठे अडखळतो ते बघायचं. डावा जमला. उजवा अजून बोटाला सांगतोय की इथे काहीतरी होतं.

हे करताना सारखं वाटत होतं, की लढाऊ विमान म्हणून हंटर ज्या ज्या गोष्टींनी कामाचं झालं, त्या सगळ्या मी एकेक करून काढतेय. रडार नाही, तोफा नाहीत, खाली काही टांगायचं नाही. उरतं ते नुसतं पळायचं यंत्र.

बुधवार

नाक एम-सीलचं केलं. दोन्ही वड्या मळून गोळा लावला, रात्रभर ठेवला, आज घासून टोक काढलं. वर एन.सी. पुट्टीचा पातळ हात.

खरी परीक्षा कॉकपिटच्या पुढच्या काचेची. विक्रमासाठी तिच्यावर जास्त तिरकं, निमुळतं आवरण बसवलं होतं आणि त्यानेच या विमानाचा चेहरा बदलतो. एम-सीलचाच छोटा साचा केला, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण मेणबत्तीवर धरलं आणि मऊ पडताच साच्यावर दाबलं. क्षणभर उशीर झाला की प्लास्टिक दुधाळ होतं, घाई केली की सुरकुती पडते. अर्धा किलो काजूकतलीचं झाकण त्यात संपलं. काजूकतली आधीच संपली होती.

आफ्टरबर्नरच्या नोझलला स्केचपेनचं टोपण कापून बसवलं. घेर बरोबर जुळला.

रविवार

पुट्टी वाळतेय, म्हणून आज नुसतं वाचन.

त्या काळी हा विक्रम उंचावर जाऊन करता येत नसे. तीन किलोमीटरचा मोजलेला पट्टा, उंची शंभर मीटरच्या आत, जाताना आणि येताना दोन्ही दिशांनी धावा आणि त्यांची सरासरी. वारा एकीकडे मदत करतो, दुसरीकडे ते वसूल करतो. ११७१ च्या वेगाने तीन किलोमीटर म्हणजे सव्वानऊ सेकंद. एवढ्यासाठी सगळा खटाटोप!

त्यातली गंमत तापमानाची आहे. आवाजाच्या वेगाजवळ पोचलं की हवेचा अडथळा एकदम भिंतीसारखा वाढतो, आणि आवाजाचा वेग हवा जितकी गरम तितका जास्त. २० अंशांना तो ताशी सुमारे १२३५ किलोमीटर, ३५ अंशांना १२६५ च्या पुढे. म्हणजे गरम जागी भिंत थोडी लांब सरकते. ड्यूक उडाला सप्टेंबरातल्या इंग्लिश चॅनलवर. त्याच महिन्यात माइक लिथगो सुपरमरीन स्विफ्ट हे दुसरं ब्रिटिश विमान घेऊन लिबियाच्या उन्हात गेला आणि विक्रम त्याने नेला. ऑक्टोबरात अमेरिकेच्या स्कायरे विमानाने कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सीवर तोही मोडला, आणि महिना संपायच्या आत अमेरिकेच्याच एफ-१०० ने स्कायरेचा. हंटरचा विक्रम तीन आठवडेसुद्धा टिकला नाही.

मार्क ३ चं उत्पादनही झालं नाही. कारखान्यातून निघाली ती दातवाली, फुगवट्यांची, कामकरी हंटर, आणि आपल्याकडे ती कित्येक दशकं उडत राहिली. मग हे लाल विमान म्हणजे नुसती जाहिरात होती का? बरीचशी होतीच, असं माझं मत. कंपनीला विमानं विकायची होती. पण ड्यूककडे तसं बघवत नाही. आदल्या वर्षी, ६ सप्टेंबर १९५२ ला, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान प्रदर्शनात डीएच ११० हे विमान हवेतच फुटलं. त्यातले जॉन डेरी आणि टोनी रिचर्ड्स गेले, खाली बघणारे २९ जण गेले. धावपट्टी मोकळी झाल्यावर ड्यूकने हंटर वर नेलं आणि ठरलेला कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी चर्चिलने त्याला स्वतः पत्र लिहून सलाम कळवला. जाहिरातीसाठी एवढं कोणी करत नाही.

गुरुवार

आज रंग. लाल रंग करड्या प्रायमरवर मारला की विटकरी दिसतो, म्हणून आधी पांढरा, त्यावर फिकट गुलाबी, मग लाल. एअरब्रशमध्ये रंग दुधाइतका पातळ आणि एकावर एक हलके हात. भाचा गुलाबी टप्प्यावर आला आणि काही न बोलता परत गेला.

लढाऊ विमानांच्या मॉडेलवर आपण धूर, तेल, घासलेल्या कडा दाखवतो आणि त्यात पुष्कळ पापं झाकली जातात. इथे तसं काही नाही. चकचकीत एकरंगी लाल, त्यावर पुट्टीचा ठिपकासुद्धा दिव्याखाली दिसतो. उजव्या पंखाची कड मात्र रंगाखाली गेल्यावर गप्प बसली.

राहिलंय ते चाकं, बिल्ले आणि शेपटाजवळची पांढरी 'डब्ल्यूबी१८८' अक्षरं. किटमधल्या डिकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छाप्यांत, ही अक्षरं असायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या शीटवरून एकेक कापून जुळवावी लागतील. खरं विमान इंग्लंडमधल्या टँगमिअरच्या संग्रहालयात आहे, त्याच्या फोटोवरून अक्षरांमधलं अंतर मोजून ठेवलंय. भाच्यासाठी दुसरी किट मागवली. ती तो स्वतः करणार, रॉकेट्ससकट, आणि मी फक्त एअरब्रश धुऊन द्यायचा असं ठरलंय.